चेहरा मोजायला निघालात? आधी हात बसवा

नव्या बॅचमधलं कुणी ना कुणी दरवर्षी माझ्याकडे येतं आणि विचारतं, "मॅडम, प्रबंधाला स्त्री-पुरुषांच्या चेहऱ्याच्या मापांतला फरक हा विषय घेऊ का? पेठ-सुरगाण्याकडे आदिवासी वस्ती आहे, तिथंच करते." विषय चांगला आहे. खर्च कमी, रक्त काढायचं नाही, एक्स-रे नाही, आणि नाशिकमध्ये बसून करता येण्यासारखा आहे. पण सोपा म्हणून घेत असाल तर थांबा. पुरुषाच्या आणि बाईच्या नाकाच्या रुंदीतला सरासरी फरक तीन-चार मिलिमीटरचा असतो. नवख्या हातानं तेच नाक दोनदा मोजलं तर दोन मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतात. म्हणजे जो फरक शोधायला निघालात, त्याच्या निम्मा फरक तुमच्याच बोटांत आहे. पुढचं सगळं लिहिलंय ते या एका अडचणीभोवती. दंतवैद्यक, शरीररचनाशास्त्र, मानवशास्त्र, न्यायवैद्यक, कुठूनही आलेले असा, क्रम साधारण हाच ठेवा.

आधी ठरवा: कोणाला मोजणार?

"नाशिकचे आदिवासी" हा गट नव्हे. जिल्ह्यात कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत, वारली आहेत, भिल्ल आहेत. या सगळ्यांना एका पिशवीत घालून सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातल्या मोजमापांचं काम १९५१ मध्ये प्रसिद्ध केलं. इरावतीबाईंचा आग्रह असा होता की मोठ्या नावाखाली माणसं गोळा करू नका. ज्या गटात प्रत्यक्ष सोयरिकी होतात तो गट धरा. हे आजही तितकंच लागू आहे. म्हणून कोकणा घेतले तर फक्त कोकणा घ्या, आणि आई-वडील दोघंही त्याच समाजाचे आहेत का हे विचारून घ्या.

वय २१ ते ३५ ठेवा. मुलींच्या चेहऱ्याची वाढ पंधरा-सोळाच्या सुमारास बरीचशी थांबते; मुलांचा खालचा जबडा अठरा-वीसपर्यंत वाढत राहतो. सतरा वर्षांची मुलं आणि मुली शेजारी ठेवल्या तर तुम्ही पूर्ण झालेल्या चेहऱ्याची तुलना अपुऱ्या चेहऱ्याशी करता. वरची मर्यादा दातांसाठी आहे. दाढा गेल्या की जबडे जवळ येतात आणि चेहऱ्याची उंची कमी होते. दाढा पडलेल्या, जबडा मोडलेल्या, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या, दातांना तारा बसवलेल्या व्यक्ती बाजूला ठेवा. दोन्ही गट त्याच गावांतून आणि त्याच वयाचे हवेत.

किती माणसं लागतील? साधा हिशेब असा: प्रत्येक गटात लागणारी संख्या = १६ × प्रमाण विचलनाचा (मापं सरासरीभोवती किती पसरलीत त्या आकड्याचा) वर्ग ÷ अपेक्षित फरकाचा वर्ग. विचलन ५ मि.मी. आणि पकडायचा फरक २ मि.मी. असेल तर १६ × २५ ÷ ४, म्हणजे शंभर पुरुष आणि शंभर स्त्रिया. "मॅडम, तीस-तीस चालतील का?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. आकडे मांडून बघा, उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

परवानगी, आणि तिच्यामागचा इतिहास

संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता हातात आल्याशिवाय एकाही माणसाच्या चेहऱ्याला कॅलिपर, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मोजायचं साधन, लावायचा नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, आदिवासी समाजासंबंधीचा भाग तर नक्कीच. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानाचं. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षीदार ठेवायचा. गावात जाण्याआधी सरपंचांना भेटा, आशाताईंना भेटा. माणसं तुमच्या पत्रापेक्षा आशाताईंच्या शब्दावर येतात.

पण कागद पुरेसा नाही. नाकं मोजून माणसांची पायरी ठरवण्याचा प्रकार याच देशात झालेला आहे. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून त्यानं जातींची उतरंड मांडली. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये आकडे तपासून दाखवलं की देशाच्या बहुतेक भागांत हा दावा टिकत नाही. तुम्ही कॅलिपर घेऊन पाड्यावर उभ्या राहता तेव्हा हा इतिहास तुमच्याबरोबर उभा असतो, तिथल्या लोकांनी रिस्लेचं नाव ऐकलेलं नसलं तरी. म्हणून दोन गोष्टी तोंडानं सांगा: नाव लिहिलं जाणार नाही, फक्त क्रमांक, आणि या मापांवरून कुणी चांगलं-वाईट, हुशार-मठ्ठ ठरत नाही. मग हे कशाला करताय, असं ते विचारतील. खरं उत्तर तयार ठेवा, त्यावर पुढे येते.

साहित्य

दोन कॅलिपर लागतात. गालफडं आणि जबडा यांच्या रुंदीसाठी वाकड्या बाह्यांचा स्प्रेडिंग कॅलिपर, टोकं गोल असलेला. नाक, डोळे, ओठ आणि चेहऱ्याची उंची यांसाठी सरकता कॅलिपर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा डिजिटल व्हर्नियर अनेक जण आणतात. मापाला तो चालतो, पण त्याची टोकं धारदार असतात. डोळ्याजवळ ती न्यायची नाहीत. टोकं घासून बोथट करा आणि नंतर शून्य पुन्हा तपासा. पडद्यावर ०.०१ मि.मी. दिसतं म्हणून तसं लिहू नका. कातडी दबते, ती शंभराव्या भागापर्यंत खरं सांगत नाही. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लिहा.

याशिवाय आयब्रो पेन्सिल, स्पिरिट, कापूस, छोटा आरसा, पाठ असलेली सरळ खुर्ची, उंची मोजायची पट्टी आणि वजनकाटा. उंची-वजन विसरू नका, हिशेबाच्या वेळी त्यांच्यावाचून अडेल.

खुणा शोधणं: इथंच महिना घाला

पुस्तकातलं चित्र बघून बिंदू सापडत नाहीत. आधी शरीररचना विभागातली कवटी घ्या आणि डोळे मिटून बोटांनी बिंदू शोधा. मग मैत्रिणीच्या चेहऱ्यावर. मग वसतिगृहातल्या जेवढ्या जणी बसतील तेवढ्यांच्या.

सगळ्यात जास्त चूक नेझिअनला होते. कपाळाचं हाड आणि नाकाची हाडं जिथं सांधली जातात, त्या सांध्यावरचा मधला बिंदू म्हणजे नेझिअन. नाकाच्या मुळाशी जी सगळ्यात खोलगट जागा दिसते ती सेलिअन. नेझिअन बहुधा तिच्या किंचित वर असतो. डोळ्याला खळगा दिसतो, म्हणून मुलं खळग्यावर टोक ठेवतात आणि चेहऱ्याची उंची दोन-तीन मिलिमीटरनं कमी लिहितात. नखानं हलकेच वर-खाली चाचपलं की सांध्याची बारीक कड लागते. ती सापडली की पेन्सिलीचा ठिपका द्या. दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी तुलना करण्याआधीही हे बघा, कारण काही ठिकाणी मुद्दाम सेलिअनच वापरतात. मास्क चेहऱ्यावर बसतो का हे तपासण्यासाठी अमेरिकेतल्या नियॉश संस्थेनं जो तक्ता केला, त्यात चेहऱ्याची लांबी सेलिअनपासून धरलेली आहे.

चेहऱ्याची उंची नेझिअनपासून हनुवटीपर्यंत मोजायची. तिचा खालचा बिंदू म्हणजे हनुवटीच्या हाडाची खालची कड, बरोबर मध्यावर. कॅलिपरचं टोक खालून टेकवा, वर ढकलू नका.

गालफडाची रुंदी मोजताना ठिपका आधी देता येत नाही. दोन्ही टोकं गालाच्या हाडाच्या कमानीवरून पुढे-मागे सरकवत न्यायची आणि जिथं आकडा सर्वांत मोठा येतो तिथं थांबायचं. जबड्याच्या कोनासाठी आधी "दात घट्ट आवळा" म्हणा, चावण्याचा स्नायू फुगतो आणि त्याच्यामागे हाडाचा कोन हाताला लागतो. मग "सोडा" म्हणा आणि सैल सोडल्यावरच मोजा. नाकाच्या रुंदीला टोकं नाकपुड्यांना फक्त स्पर्श करतील इतकीच. माणूस श्वास ओढतो तेव्हा नाकपुड्या फुलतात. श्वास सोडून झाल्यावर वाचा.

एकदा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर माझी विद्यार्थिनी सरावासाठी एका आजींसमोर बसली होती. आजींच्या दोन भिवयांच्या मधोमध गोंदण होतं, जुनं, हिरवट पडलेलं. मुलीनं नेझिअन शोधून ठिपका दिला, कॅलिपर उचलायला वळली आणि परत बघते तर आपला ठिपका कुठला आणि गोंदणाचा कुठला हेच कळेना. आजी म्हणाल्या, "पोरी, माझ्या आईनं दिलेलं आहे ते, पुसू नको हां." तेव्हापासून आम्ही गोंदण असलेल्या कपाळावर लाल पेन्सिल वापरतो. टिकली मात्र आधी विचारून काढायला सांगतो आणि मोजून झाल्यावर आरसा पुढे धरतो, म्हणजे ती पुन्हा नीट लावता येते.

हाताची चूक मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. वीस माणसं निवडा. आज मोजा, आठवड्यानं पुन्हा मोजा, पहिले आकडे न बघता. प्रत्येकाच्या दोन मापांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, ती माणसांच्या दुपटीनं भागा आणि वर्गमूळ घ्या. हीच मोजमापाची तांत्रिक चूक.

समजण्यापुरतं दहा माणसांचं उदाहरण घेऊ. फरक आले १, ०, २, १, ०, १, १, २, ०, २. वर्गांची बेरीज १६. भागिले २०, म्हणजे ०.८. वर्गमूळ साधारण ०.९ मि.मी. आता हीच चूक चेहऱ्याच्या ११० मि.मी. उंचीवर असेल तर ती ०.८ टक्के, चालेल. पण ३५ मि.मी. रुंदीच्या नाकावर असेल तर अडीच टक्क्यांच्या वर जाते. मिलिमीटर तेच, पण नाकाला ते परवडत नाहीत. म्हणून लहान मापांचा सराव जास्त करायचा. माझ्याकडे नाकाची चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आल्याशिवाय मी कुणाला गावात पाठवत नाही.

मोजणीचा दिवस

कधी जायचं हे नाशिकमध्ये पिकांवर ठरतं. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा खुडा चालतो. पेठ-सुरगाण्यातली तरुण माणसं दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे कामाला गेलेली असतात. त्या दिवसांत पाड्यावर गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं भेटतील, तुमच्या वयोगटातलं कुणी नाही. होळीला माणसं घरी येतात, पण सणात त्यांना गाठू नका. भात लावणीच्या दिवसांत तर मुळीच नको. शिवाय जोरदार पावसात सावळ घाटातून विद्यार्थ्यांची गाडी न्यायला माझं मन धजत नाही. दसऱ्याच्या आसपासची सकाळ, भात कापणीला लागण्याआधी, हा मला सापडलेला सर्वांत बरा काळ.

खुर्ची खिडकीजवळ किंवा ओट्यावर ठेवा, उजेड समोरून येऊ द्या. डोकं फ्रँकफर्ट पातळीत हवं. जर्मनीतल्या फ्रँकफर्टला एकोणिसाव्या शतकात ठरलेली ही आडवी रेषा, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड जोडणारी. जिवंत माणसात कानाच्या भोकापुढच्या कूर्चेच्या छोट्या उंचवट्याची वरची कड धरतात. ओठ मिटलेले, दाढा हलक्या टेकलेल्या, चेहरा हसरा नाही. बसण्याआधी तंबाखू, मशेरी, सुपारी तोंडात असेल तर चूळ भरून यायला सांगा. गालात गोळी असेल तर ओठांची रुंदी आणि गाल दोन्ही फसवतात. दाट दाढी असेल तर टोक केसांवर टेकू देऊ नका, कातडीपर्यंत न्या.

आता माझी एक चूक. पहिल्या शिबिरात बायका पुरुषाकडून चेहऱ्याला हात लावून घेणार नाहीत म्हणून बायकांना मी मोजलं आणि पुरुषांना माझ्या सहकाऱ्यानं. एका दिवसात साठ माणसं झाली, आम्ही खूश. महिन्यानं दोघांनी त्याच दहा जणांना मोजून बघितलं, तर सहकारी गालफडाची रुंदी सातत्यानं माझ्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी वाचत होता. तो कॅलिपर जास्त दाबत होता. म्हणजे आमच्या तक्त्यातल्या स्त्री-पुरुष फरकात दोन मिलिमीटर आम्हा दोघांचे होते. ते वेगळे काढायला काही मार्ग नव्हता. सगळी मापं टाकून दिली. त्या साठ माणसांनी आपली अर्धी मजुरी बुडवून दिलेला वेळ वाया गेला, हे मला आजही टोचतं.

उपाय साधा आहे. मोजणारी व्यक्ती एकच, आणि ती बाई. पुरुषांना तिनं मोजायला हरकत नसते. दोघी मोजत असतील तर प्रत्येकीनं स्त्रिया आणि पुरुष दोन्ही मोजायचे. सकाळी बायका, दुपारी पुरुष असंही करू नका. आलटून पालटून घ्या, कारण दुपारी हात थकतो. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा.

लिहून घेणारा वेगळा हवा आणि त्यानं ऐकलेला आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. मराठी आकडे इथं दगा देतात. "एकशे एकोणीस" आणि "एकशे एकोणतीस" गोंगाटात सारखेच ऐकू येतात. म्हणून अंक सुटे म्हणा: एक, एक, नऊ. गालफडाची रुंदी १२० च्या खाली किंवा १५० च्या वर, नाकाची २८ च्या खाली किंवा ४५ च्या वर आली तर माणूस उठण्याआधी पुन्हा मोजा. अशी माणसं असू शकतात, पण बहुतेक वेळा कॅलिपर घसरलेला असतो.

आकड्यांतून काय काढायचं

जवळजवळ प्रत्येक लांबी-रुंदी पुरुषांत सरासरीनं जास्त येईल. फरक सगळीकडे सारखा नसतो. खालचा जबडा, गालफडं, चेहऱ्याची उंची आणि नाक यांत तो ठळक असतो. दोन डोळ्यांमधलं अंतर आणि डोळ्याच्या फटीची लांबी यांत बराच कमी. कारणं शरीरात आहेत. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे जबडा आणि भिवयांवरची कड वाढते, आणि मुलांची वाढ चालतेही जास्त वर्षं. पुरुषाच्या शरीरात स्नायू जास्त, त्यांना प्राणवायू जास्त लागतो, म्हणून हवा आत घेणारं नाकही मोठं.

पण मोठं असणं आणि वेगळं असणं या दोन गोष्टी आहेत. तुमच्या प्रबंधाचा जीव इथं आहे. उदाहरणादाखल, पुरुषांच्या चेहऱ्याची सरासरी उंची-रुंदी ११८ आणि १३५ मि.मी. आली, स्त्रियांची ११२ आणि १२८. दोन्ही मापांत फरक स्पष्ट. आता चेहऱ्याचा निर्देशांक काढा, उंची भागिले रुंदी गुणिले शंभर. पुरुषांचा ८७.४, स्त्रियांचा ८७.५. म्हणजे चेहरा लहान-मोठा आहे, आकार तोच. दोन्ही मध्यम चेहऱ्याच्या वर्गात बसतात, जो जिवंत माणसांसाठी ८४ ते ८७.९ आहे. कवटीसाठीच्या सीमा वेगळ्या आहेत, तिथं मध्यम वर्ग ८५ ते ८९.९, त्या इथं लावू नका. ही गल्लत मी तपासलेल्या प्रबंधांत वारंवार बघितली आहे. उंची-वजन मोजलेलं आहे, तर तेही हिशेबात घ्या: शरीराची उंची धरल्यावर चेहऱ्यातला फरक किती उरतो ते बघा. वजन वाढलं की गालावरची चरबी रुंदीत मिसळते, हेही त्यातून कळेल.

दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे बघणाऱ्या टी-चाचणीत "पी" लहान आला, म्हणजे योगायोगाची शक्यता कमी दिसली, की मुलं थांबतात. पुढे जा, फरकाला प्रमाण विचलनानं भागा. उत्तर १ आलं तर तो मोठा फरक मानतात, आणि तरीही शंभरातल्या साधारण सोळा बायकांचं माप पुरुषांच्या सरासरीहून जास्त असतं. म्हणून "कोकणा स्त्रीचा चेहरा असा असतो" असं वाक्य लिहू नका. "या गटात स्त्रियांची सरासरी इतकी, पसारा इतका" असं लिहा. एका कवटीवरून किंवा एका फोटोवरून लिंग ठरवायला ही मापं एकटी पुरत नाहीत.

उपयोग, आणि गावाला काय परत द्यायचं

गावात "कशाला?" विचारतात तेव्हा मी दातांपासून सुरू करते. कवळी बनवताना वरच्या मधल्या दाताची रुंदी गालफडांच्या रुंदीच्या सोळाव्या भागाइतकी धरण्याचा जुना ठोकताळा आहे. १२८ च्या चेहऱ्याला ८ मिलिमीटर. हे दुसऱ्या देशातल्या चेहऱ्यांवर बसवलेलं प्रमाण इथल्या माणसांना लागू पडतं का, हे इथल्याच माणसांना मोजून कळतं. मास्कचंही तसंच. नियॉशच्या तक्त्यात चेहऱ्याची रुंदी १२०.५ ते १५८.५ आणि लांबी ९८.५ ते १३८.५ मि.मी. धरलेली आहे, आणि तो अमेरिकेतल्या कामगारांवरून केलेला आहे. आपल्याकडच्या बारीक चणीच्या परिचारिकेचा चेहरा त्या तक्त्याच्या अगदी खालच्या कडेला येऊ शकतो, आणि मास्कच्या कडेनं हवा शिरते. हे सांगितलं की बायका लगेच समजतात. २०२० नंतर मास्क कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रबंध सादर झाला की त्याच गावात परत जा. एक पान न्या, मराठीत: किती जण मोजले, सरासरी काय आली, ती कुठं वापरली जाईल. ज्यांना स्वतःचं माप हवं असेल त्यांना क्रमांकावरून काढून द्या. आम्ही गेलो तेव्हा गोंदणवाल्या आजींनी त्यांचा आकडा मागितला. त्या वयोगटात बसत नव्हत्या, सरावापुरत्या मोजल्या होत्या, तरी वही जपून ठेवली होती. नाक ३६, चेहऱ्याची उंची १०१. त्यांची लेक गटात होती, तिचे आकडे ३३ आणि १०९, तिला विचारून सांगितले. "माझी उंची कुठं गेली?" आजींनी विचारलं. दाढा गेल्या, म्हटलं. त्यांनी आ करून बोट घालून दाखवलं, खाली डावीकडे एकच उरली होती. पुढच्या महिन्यात आमच्या दंत शिबिराची गाडी त्या पाड्यावर नेली.